पावसात सोबत राहणारा कॅमेरा

आमच्या सावंतवाडी तालुक्यात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पाहण्यासारखं जे काही घडतं ते पावसातच घडतं. व्हाळ, म्हणजे ओढे, भरून वाहू लागले की मासे चढणीला लागतात. कुर्ल्या, म्हणजे खेकडे, बिळांतून बाहेर पडतात, बेडूक ओरडू लागतात, सड्यावरच्या, म्हणजे कातळी पठारावरच्या, फटींत बोटभर उंचीची फुलं येतात. शेतात चिखलणी आणि लावणी सुरू होते. वर घाटमाथ्यावर आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पाऊस थांबल्यावर जाऊ म्हटलं तर पाहायचं तेच निघून गेलेलं असतं.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते, आणि आमच्या ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीलाही मदत करते. जैविक विविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत अशी समिती असावी लागते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची असते. गावात कोणती झाडं आहेत, कोणते मासे, कोणत्या रानभाज्या, भाताची कोणती जुनी वाणं कोण अजून लावतं, कोणत्या मुळीचं औषध कोणाला ठाऊक आहे, हे सगळं त्यात यायचं. जाणती माणसं आता थकली आहेत. त्यांचं बोलणं, त्यांच्या हाताची रीत नुसत्या लेखी नोंदीत पुरती उतरत नाही, म्हणून व्हिडिओ हवा होता. आणि ही माणसं ठरवून मुलाखतीला बसणारी नाहीत. शाळेत जाता-येता, बांधावर, व्हाळाकाठी, मासळी बाजारात भेटतील तेव्हाच बोलणार. म्हणजे कॅमेरा रोज जवळ असायला हवा होता आणि पावसाला न भिणारा हवा होता.

माझ्याकडे दोन साधनं होती. एक अदलाबदलीच्या लेन्सचा मोठा कॅमेरा आणि दुसरा फोन. मोठ्या कॅमेऱ्याची चित्रं सुंदर यायची, पण पावसाळ्यात तो कपाटातच राहायचा. कोकणातल्या दमट हवेत लेन्सच्या आत बुरशी धरते. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे काचेवर पसरतात आणि उजेडाकडे रोखलं की सगळं चित्र धुरकट होतं. हवेतली आर्द्रता दीर्घकाळ साठ-सत्तर टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला हवं ते सगळं मिळतं, आणि आमच्याकडे पावसाळाभर ती त्याहून बरीच वर असते. माझ्या एका लेन्सला अशी बुरशी लागली. तेव्हापासून सिलिका जेल घातलेला हवाबंद डबा ही त्या कॅमेऱ्याची जागा झाली. डब्यातून काढायचा, पुसायचा, पिशवीत घालायचा, पिशवीवर प्लॅस्टिक चढवायचं, एवढं होईपर्यंत बेडूक उडी मारून गेलेला असतो.

फोन तसा चांगला. त्याचा व्हिडिओ स्थिर येतो, रंग गोड येतात. पण ओल्या बोटांनी त्याचा पडदा चालत नाही, आणि पडद्यावर पावसाचे थेंब पडले की तो स्वतःच्या मनाने भलतीकडे जातो. फोनवर पाणी रोखण्याची खूण म्हणून आयपी ६८ लिहिलेलं असलं तरी त्यामागची चाचणी गोड्या, स्थिर पाण्यातली असते. पाणी शिरून बिघाड झाला तर तो बहुतेक कंपन्या वॉरंटीत धरत नाहीत. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बँक, शाळेची हजेरी, घरच्यांशी बोलणं, गॅसचा नंबर, सगळं त्या एका फोनमध्ये असतं. तो व्हाळात पडला तर फोटोच जात नाहीत, पुढचे आठ दिवस अडून बसतात. असं साधन हातात घेऊन पाण्यात वाकायला मन धजत नाही.

म्हणून २०२१च्या पावसाळ्याआधी मी मजबूत छोट्या कॅमेऱ्यांचा शोध सुरू केला. दुकानात जाण्याआधी एका कागदावर आपली गरज लिहून काढली. रेनकोटच्या खिशात मावला पाहिजे. वेगळं आवरण न चढवता पाण्यात बुडवता आला पाहिजे. ओल्या, चिखलाच्या हातांनी बटणं दाबता आली पाहिजेत. खडकावर पडला तर फुटू नये. भाताच्या लोंबीवरचा किडा मोठा दिसेल इतकं जवळून टिपता आलं पाहिजे. व्हिडिओ मुलांना वर्गातल्या मोठ्या पडद्यावर दाखवण्याइतका स्वच्छ हवा. आणि नोंद कुठे केली ते ठिकाण आपोआप टिपलं गेलं तर उत्तम. त्या कागदावर मेगापिक्सेल हा शब्द कुठेच नव्हता, हे मला पुढे फार उपयोगी पडलं.

बाजारात पाहिलं तर निवड आधीच आकसत चाललेली होती. फोन आल्यापासून छोटे कॅमेरे मागे पडले. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१०मध्ये १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते. २०२३पर्यंत तो आकडा ८० लाखांच्याही खाली आला. पाण्यात चालणारे कॅमेरे त्यातला छोटासा कोपरा. निकॉनचा डब्ल्यू ३०० हा २०१७चा, पॅनासॉनिकचा एफटी ७ हा २०१८चा, फुजीफिल्मचा एक्सपी १४०, रिकोचा डब्ल्यूजी ६ आणि ऑलिम्पसचा टीजी ६ हे तिन्ही २०१९चे. ऑलिम्पसने तर आपला कॅमेऱ्यांचा व्यवसाय १ जानेवारी २०२१ला ओएम डिजिटल सोल्युशन्स या नव्या कंपनीकडे सोपवला होता. पुढे सील आणि बॅटरी मिळतील का, हा प्रश्न तेव्हा खराच होता आणि तो मी प्रत्येक कॅमेऱ्याच्या बाबतीत विचारला.

जाहिरातीत पहिला आकडा खोलीचा असतो. पॅनासॉनिक ३१ मीटर, निकॉन ३० मीटर, फुजीफिल्म २५ मीटर, रिको २० मीटर, ऑलिम्पस १५ मीटर. आकड्यांची ही उतरंड पाहिली की ऑलिम्पस सगळ्यांत कच्चा वाटतो. पण दर १० मीटर खोलीला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो. मालवणला तारकर्लीच्या समुद्रात पोहताना किंवा आमच्या व्हाळात मला १५ मीटरपर्यंत कधीच जायचं नव्हतं. माझं पाणी गुडघाभर, फार तर छातीपर्यंत. खोलीच्या आकड्यापेक्षा त्या आकड्याचा अर्थ कळणं जास्त गरजेचं होतं. आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास. आयपीएक्स ८ म्हणजे त्याहून खोल, किती ते कंपनी जाहीर करेल तेवढं. ही झाली बुडवण्याची चाचणी. जोराच्या धारेची चाचणी वेगळी, तिचे अंक ५ आणि ६. म्हणजे तळ्यात सहज बुडवता येणारा कॅमेराही आंबोलीच्या धबधब्याच्या थेट धारेखाली धरावा, असा त्याचा अर्थ होत नाही. साबणाचं पाणी आणि गरम वाफ तर कोणत्याच हिशोबात नाही.

अॅक्शन कॅमेरेही पाहिले. गोप्रो लहान, दणकट, वेगळ्या आवरणाशिवाय १० मीटरपर्यंत चालणारा, आणि धावतानाही त्याचं चित्र हलत नाही. सायकल चालवणाऱ्याला, पोहणाऱ्याला तो उत्तम. पण त्याचं भिंग फार रुंद पाहतं आणि जवळच्या वस्तूवर फोकस करत नाही. हाताच्या तळव्यावरचा बेडूक त्यात ठिपक्याएवढा दिसतो. सोनीचा आरएक्स ० दुसऱ्या आवृत्तीत २०१९ला आला. १३२ ग्रॅम वजन, एक इंचाचा मोठा सेन्सर, वर वळणारा पडदा आणि बाहेरचा माइक जोडायची सोय. नुसत्या व्हिडिओसाठी आणि स्वतः बोलताना दिसण्यासाठी त्याच्याइतकं नेटकं दुसरं काही नव्हतं. पण त्याला झूम नाही आणि २० सेंटिमीटरच्या आत तो फोकस करत नाही. मला मुंगीपर्यंत पोहोचायचं होतं.

शेवटी मी ऑलिम्पस टीजी ६ निवडला. निकॉनच्या कॅमेऱ्याचं अॅपर्चर एफ २.८ होतं, याचं एफ २. आकडे जवळचे दिसतात, पण प्रत्यक्षात दुप्पट उजेड आत येतो. आणि पावसाळी दुपारी झाडीखाली उजेड हीच खरी चणचण असते. सूक्ष्मदर्शक मोडमध्ये लेन्सपासून अवघ्या १ सेंटिमीटरवरच्या वस्तूवर तो फोकस करतो. एवढ्या जवळ गेलं की कॅमेऱ्याचीच सावली वस्तूवर पडते. त्यावर उपाय म्हणून लेन्सभोवती बसवायचं एक छोटं कडं मिळतं. ते कॅमेऱ्याच्याच एलईडीचा उजेड गोलाकार पसरवतं. त्याला वेगळी बॅटरी लागत नाही. पंधरा मीटर खोली, २.१ मीटर उंचीवरून पडणं आणि १०० किलोचा भार सोसतो असं कंपनी सांगते. वजन २५३ ग्रॅम.

या कॅमेऱ्याची झूम लेन्स बाहेर येत नाही, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. साध्या छोट्या कॅमेऱ्यात बटण दाबलं की नळी बाहेर सरकते, आणि त्या नळीच्या फटीतूनच वाळू आणि पाणी आत जातं. इथे उजेड आत शिरल्यावर काटकोनात वळतो आणि सगळी भिंगं कॅमेऱ्याच्या पोटातच मागेपुढे होतात. बाहेरून दिसते ती फक्त सपाट, घट्ट बसवलेली काच. याची किंमत सेन्सरला मोजावी लागते. एवढ्या पातळ देहात मावणारा सेन्सर साधारण ६ बाय ४.५ मिलिमीटरचाच असतो, म्हणजे पूर्ण फ्रेमच्या कॅमेऱ्याच्या तिसाव्या हिश्श्याएवढा. अंधार पडला की चित्रात दाणे दिसू लागतात. पण याच लहान सेन्सरमुळे जवळून टिपताना वस्तूचा जास्त भाग स्पष्ट राहतो. मोठ्या कॅमेऱ्यात किड्याचा डोळा स्पष्ट आला तर पाय धूसर होतात. इथे दोन्ही मिळतात. अंधारात जे गमावतो ते जवळच्या कामात परत मिळतं. माझं काम जवळचं होतं.

पहिल्याच पावसात त्याचा खरा उपयोग कळला. लावणीच्या दिवसांत एका शेतकरी काकांच्या वाफ्यात मुलांना घेऊन गेले होते. बांधाच्या कडेला एक मुलगा ओरडला, "बाई, कुर्ली!" पाण्यात दगडाच्या आडोशाला कुर्ली बसलेली होती आणि तिच्या पोटाखालचं झाकण फुगलेलं होतं. काका वाफ्यातूनच म्हणाले, "तिका सोडून देवा हां बाई, पोटात पिल्लां आसत." मी कॅमेरा सूक्ष्मदर्शक मोडवर टाकला, व्हिडिओचं बटण दाबलं आणि हात मनगटापर्यंत गढूळ पाण्यात घालून तो तिच्यापासून वीतभर अंतरावर दगडाला टेकवून ठेवला. तिला हात लावला नाही. थोड्या वेळाने गाळ खाली बसला, पाणी निवळलं आणि कुर्ली स्वतःहूनच पुढे आली.

दुसऱ्या दिवशी वर्गात पडद्यावर ते चित्र लावलं. झाकणाच्या कडेतून पिल्लांची दाटी दिसत होती. फिकट, जवळजवळ पारदर्शक, तांदळाच्या कणीएवढी. प्रत्येकाला दांड्यावरचे दोन काळे डोळे, प्रत्येकाला चिमुकल्या नांग्या. समुद्रातल्या खेकड्यांची अंडी फुटली की अळ्या पाण्यात सुटतात आणि बरेच दिवस तरंगत वाढतात. गोड्या पाण्यातल्या कुर्लीची पिल्लं मात्र अंड्यातून पुरत्या खेकड्याच्या रूपातच बाहेर येतात आणि काही काळ आईच्या पोटाखाली राहतात. पुस्तकातलं हे वाक्य मी वर्षानुवर्षं शिकवत आले होते. त्या दिवशी मुलांनी पिल्लांचे पाय मोजले. मग एका मुलीने विचारलं, "बाई, म्हणजे अशी एक कुर्ली धरली तर किती कुर्ल्या कमी होतात?" चढणीच्या माशांबद्दल जे समजावून थकले होते, ते या एका प्रश्नात आलं. मृगाच्या पावसात मरळ, शिंगटी अंडी घालायलाच वर चढतात आणि नेमकं तेव्हाच लोक बत्त्या घेऊन त्यांना धरायला उतरतात. नोंदवहीत ती कुर्ली त्या वाफ्याच्या आणि काकांच्या नावाने लागली.

व्हिडिओच्या काही गोष्टी वापरातून शिकता आल्या. भारतात वीज ५० हर्ट्झची आहे. सेकंदाला ३० फ्रेमवर चित्रण केलं तर ट्यूबलाइटच्या उजेडात चित्रावर पट्टे सरकताना दिसतात, २५वर केलं की ते बहुतेक जातात. घरात, शाळेत, देवळात चित्रण करायचं असेल तर हे आधी बदलून घ्यावं. ४केमध्ये हा कॅमेरा सेकंदाला सुमारे १०० मेगाबिट लिहितो, म्हणजे मिनिटाला साधारण पाऊण जीबी. ६४ जीबीच्या कार्डात सव्वा तासाच्या वर चित्रण मावतं. कार्डावर व्ही ३० असं लिहिलेलं घ्यावं, त्याहून महागाची गरज नाही. पावसात काचेवर थेंब पडणारच. काच सपाट असल्याने अंगठ्याने एकदा निपटलं की झालं, आणि चित्रण करताना कॅमेरा किंचित खाली झुकवून धरावा. चालत चित्रण करण्यापेक्षा खांबाला, झाडाला, गुडघ्याला टेकून दहा सेकंद स्थिर धरलेलं चित्र वर्गात जास्त उपयोगी पडतं. त्या दहा सेकंदांत मुलं पाहू शकतात.

आवाजाची बाजू मात्र वेगळी सांभाळावी लागते. पाणी आत जाऊ नये म्हणून अशा कॅमेऱ्यांच्या माइकवर पडदा असतो, त्यामुळे बोलणं थोडं कोंडल्यासारखं येतं. पावसाचे थेंब अंगावर पडले की तेही ठकठक ऐकू येतात. टीजी ६ला बाहेरचा माइक जोडता येत नाही. म्हणून कोणी जाणतं माणूस बोलत असेल तर मी फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यांच्या जवळ ठेवते आणि त्यावर आवाज टिपते. सुरुवातीला एकदा टाळी वाजवते. नंतर संगणकावर दोन्हीकडची टाळी जुळवली की चित्र आणि आवाज बसतात. ज्यांना मुख्यतः बोलणंच टिपायचं आहे त्यांनी माइकची सोय असलेलाच कॅमेरा पाहावा.

काळोखातही अशीच मर्यादा येते. आमच्याकडे जत्रेच्या दिवसांत देवळासमोर रात्रभर दशावतार चालतो. झगमगते मुकुट, गालांवरचे रंग, मांडीवर थाप मारून घेतलेली गिरकी, हे सगळं कमी उजेडात आणि वेगात घडतं. तिथे मी छोटा कॅमेरा नेत नाही. कोरड्या जागी नवा फोन किंवा मोठा कॅमेरा चांगलं काम करतो. एकाच साधनाने सगळं करण्याचा हट्ट धरला की प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं अडतं.

शिरोड्याच्या किनाऱ्यावर रापण ओढताना मात्र हाच कॅमेरा हवा. होडीने समुद्रात अर्धवर्तुळाकार जाळं सोडलेलं असतं आणि त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावर दोन रांगा करून माणसं ओढत असतात. पहाटेपासून गुडघाभर पाण्यात उभं राहून दोर ओढायचा, मागे मागे जायचं, रांगेच्या शेवटाला पोहोचलं की पुन्हा पाण्याकडे येऊन दोर धरायचा. मी कडेला उभी राहून चित्रण करत होते. रांगेतल्या एका रापणकर काकांनी विचारलं, "ह्यो कॅमेरो पाण्यात बुडलो तर?" मी म्हटलं, काही होत नाही. "मगे दोराक हात लावा," ते म्हणाले. मी कॅमेरा गळ्यात अडकवला आणि रांगेत शिरले.

दोर ओला, वाळूने खरखरीत, आणि लाट मागे जाताना तो आपल्यालाच समुद्राकडे खेचतो. लाट पुढे आली की सगळ्यांनी एकदम जोर लावायचा, ती मागे गेली की पाय रोवून नुसतं धरून ठेवायचं. कोणी हाक देत नाही, शेजाऱ्याच्या खांद्यावरून ते कळतं. जाळ्याची खोळ जवळ आली तेव्हा पाण्यात चांदी उसळावी तसे पेडवे आणि बांगडे दिसू लागले. एका हाताने दोर धरून दुसऱ्या हाताने मी कॅमेरा पाण्याखाली घातला. माणसांच्या पायांमधून आत येणारं जाळं आणि त्यात फिरणारी मासळी असं ते चित्रण आहे. त्यानंतर त्याच काकांनी जाळ्याचे भाग, वाऱ्याची नावं आणि कोणत्या महिन्यात काय लागायचं हे सगळं सांगितलं. जुन्या काळी एका ओढीत किती मासळी यायची आणि आता किती येते, तेही सांगितलं. कडेला उभ्या असलेल्या बाईंना हे मिळालं नसतं. कॅमेरा जपण्यात दोन्ही हात अडकलेले नसले की माणसांच्या कामाला हात लावता येतो, आणि हात लावला की माणसं बोलतात.

असा कॅमेरा दणकट असला तरी त्याची निगा हवीच, आणि ती नेमक्या जागी हवी. सगळी मदार झाकणांच्या आतल्या रबरी सीलवर असते. त्यावर एखादा केस, वाळूचा कण, कापडाचा धागा अडकला तर तेवढी फट पाण्याला पुरते. मी रोज रात्री झाकण उघडून उजेडाखाली सील पाहते, मऊ ब्रशने झाडते आणि मगच बंद करते. सील वर्षातून एकदा बदलून घ्यावं असं कंपनीच सांगते. पाऊस सुरू होण्याआधी मे महिन्यात हे करून घेणं बरं. समुद्रावरून आल्यावर झाकणं बंद ठेवूनच कॅमेरा गोड्या पाण्यात काही मिनिटं बुडवून ठेवायचा आणि त्यात बटणं दाबायची, म्हणजे कडेला बसलेलं मीठ सुटतं. मीठ सुकून दगड झालं की बटणं अडकतात.

दुसरी गोष्ट वाफेची. बांधावर, भर पावसात बॅटरी बदलली की ती दमट हवा आत कोंडली जाते. मग कॅमेरा थंड पाण्यात घातला की आतल्या काचेवर धुकं धरतं, आणि ते बाहेरून पुसता येत नाही. म्हणून बॅटरी आणि कार्ड घरातच, कोरड्या खोलीत बदलायचं. मी एक जादा बॅटरी वेगळ्या चार्जरवर भरून ठेवते आणि सकाळी निघताना भरलेली घालते. दिवसभर झाकण उघडायची वेळच येत नाही.

हा कॅमेरा ठिकाण टिपतो, आणि ते नोंदवहीच्या फार कामाचं आहे. कोणत्या सड्यावर, कोणत्या व्हाळाच्या वळणावर काय दिसलं ते पुढच्या वर्षी पुन्हा जाऊन तपासता येतं. पण हीच माहिती चित्रासोबत बाहेर गेली तर धोक्याची. आंबोलीचं उदाहरण आपल्यासमोर आहे. तिथल्या हिरण्यकेशीच्या महादेव मंदिराच्या कुंडात शिस्टुरा हिरण्यकेशी ही माशाची नवी जात सापडल्याचं २०२०मध्ये प्रसिद्ध झालं. तिचं वसतिस्थान इतकं लहान की ती जागा २०२१मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर करावी लागली. आंबोली टोड तर साऱ्या जगात आंबोलीच्या परिसरातच आढळतो. अशा जिवांची नेमकी जागा जाहीर झाली की गर्दी होते, दगड उलटे केले जातात, पकडून नेणारेही येतात. म्हणून चित्र कोणाला पाठवण्याआधी त्यातली ठिकाणाची माहिती काढून टाकावी. ती समितीच्या नोंदीत राहू द्यावी. माणसांच्या बाबतीतही हेच. औषधाची मुळी दाखवणाऱ्या आजींना विचारल्याशिवाय त्यांचं चित्रण गावाबाहेर जाऊ नये. तो त्यांचा ठेवा आहे आणि कायद्यानेही तो मानला आहे.

आता कोणी नवा घेणार असेल तर टीजी ६नंतरचा टीजी ७ सप्टेंबर २०२३मध्ये जाहीर झाला आहे. आतला सेन्सर आणि लेन्स जवळजवळ तेच. चार्जिंग यूएसबी सीवर आलं आणि उभा व्हिडिओ घेता येऊ लागला. अमेरिकेत त्याची किंमत तेव्हा ५५० डॉलर होती. ज्याच्याकडे चालू टीजी ६ आहे त्याने तेवढ्यासाठी बदलण्याचं कारण नाही. जुना घेत असाल तर आधी दोन्ही झाकणांची सील, कडेचा गंज आणि लेन्सच्या आतलं धुकं पाहा. पाण्यात चालेल असं विकणाऱ्याने सांगितलं तरी नवी सील बसवेपर्यंत तो पाण्यात घालू नका.

निवड करताना मात्र सुरुवात यादीपासून करावी. तुम्ही रोज कुठे जाता, तिथे पाणी आहे, धूळ आहे की काळोख, जवळचं पाहायचं आहे की लांबचं, बोलणं महत्त्वाचं की हालचाल, हे लिहून काढा. सायकलवर फिरणाऱ्याला अॅक्शन कॅमेरा बरा, मुलाखती घेणाऱ्याला माइकची सोय असलेला, रात्रीचे खेळ टिपणाऱ्याला मोठ्या सेन्सरचा. शेतात, ओढ्यात, किनाऱ्यावर, किड्यामुंग्यांच्या आणि माणसांच्या जवळ राहून काम करणाऱ्याला टीजीसारखा छोटा, दणकट कॅमेरा घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. चित्राचा दर्जा त्याहून चांगला देणारे कॅमेरे पुष्कळ आहेत, पण पावसात ते घरी राहतात.

आणि कॅमेरा घेतलात, किंवा हाती नुसता फोन असला, तरी एक विनंती आहे. आपल्या ग्रामपंचायतीत जा आणि लोक जैवविविधता नोंदवही दाखवा म्हणून सांगा. अनेक ठिकाणी ती कपाटात असते, पानं थोडी भरलेली आणि चित्रं नसलेली. गावातले मासे, भाताची वाणं, रानभाज्या आणि त्या ओळखणारी माणसं, यांतलं जे तुम्हाला दिसतं ते तारीख घालून तिच्यात लावा. येत्या मृगापासूनच सुरुवात करा.